कानात सांगायचा आकडा

१९९६ सालच्या दिवाळीनंतर सुहासिनी परचुरे खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या मैदानावर पहिल्यांदा गेली, ती मुलीला घरी आणायला.

हेमा तेव्हा आठवीत होती. वर्गातल्या जनीबरोबर ‘नुसतं बघायला’ म्हणून गेलेली मुलगी तिसऱ्या दिवसापासून खो-खो खेळायला लागली होती, आणि ते सुहासिनीला कळलं सलवारीच्या गुडघ्यांवरच्या लाल मातीवरून. दुसरी एखादी आई एवढ्यावरून ऑफिसात अर्धी रजा टाकून धावत सुटली नसती. पण हेमाला सातव्या वर्षी सांध्यांचा ताप येऊन गेला होता. गुडघे सुजले, मग कोपरं सुजली, आणि हा ताप सांध्यांवरून हृदयावर जाऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून सुहासिनीची झोप पातळ झाली ती कायमची. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. दर सहा महिन्यांनी तपासणी. हृदयाला काही झालेलं नव्हतं. गेल्या वर्षीच डॉक्टर म्हणाले होते, की मुलीला कापसात गुंडाळून ठेवू नका, खेळू दे. फक्त दमली की थांबली पाहिजे.

ते ऐकून श्रीपादने, तिच्या नवऱ्याने, सुटकेचा श्वास टाकला होता. सुहासिनी मात्र त्या शेवटच्या शब्दांपाशीच अडकून राहिली. दमली की थांबली पाहिजे. पण दमली हे कळणार कोणाला?

मैदानावर ती पोचली तेव्हा खेळ संपलेला होता. पंधरा-सोळा मुली कुंपणाच्या सावलीत बसून वाटीतले उकडलेले चणे आणि गूळ खात होत्या. काही नौपाड्यातल्या, काही कोळीवाड्यातल्या. बाजूला एका उलट्या पत्र्याच्या डब्यावर एक उंच, सावळी, रुंद हाडाची बाई बसली होती. केसांत अबोलीचा वळेसर, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, मांडीवर वही. एकेक मुलगी उठून तिच्यापाशी जात होती, वाकून तिच्या कानात काहीतरी सांगत होती आणि परत येऊन बसत होती. बाई मान हलवायची आणि वहीत लिहायची. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि ऐकायचा प्रयत्नही करत नव्हतं. देवळात नवस बोलावा तसं चाललं होतं.

हेमाची पाळी आली. ती वाकली, काहीतरी बोलली. बाईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग लिहिलं.

सुहासिनी पुढे झाली आणि आपण हेमाची आई असल्याचं सांगून तिने आजाराची सगळी हकीकत एका दमात ऐकवली. ऐकून झाल्यावर बाई म्हणाली, “म्हणूनच विचारते ना ताई, किती दमलीस म्हणून. तुमची पोर आज सहा म्हणाली.”

“सहा म्हणजे?”

“दहातले सहा. घाम आला, बोलताना जरा तुटायला लागलं, पण अजून थोडं झेपलं असतं. एवढं.”

सुहासिनी मुलीला परत न्यायला आली होती, पण या उत्तरासरशी ती तिथंच थांबली. इतकी वर्षं जो प्रश्न ती स्वतःला विचारत होती, तो ही बाई रोज सोळा मुलींना विचारत होती आणि उत्तर लिहूनही ठेवत होती.

त्या बाईचं नाव तुळसा तांडेल. नगरपालिकेच्या जमान्यात नोकरीला लागलेली, महापालिका झाल्यावरही तीच नोकरी चालू असलेली एका शाळेतली शिपाई. घंटा देणं, पाणी भरणं, वर्गांना कुलपं लावणं हे तिचं काम. तरुणपणी ती जिल्ह्याच्या संघातून खेळली होती. पाठलागात तिने सूर मारला की खांबाजवळची मुलगी निसटायची नाही, असं जुनी माणसं सांगत. ढोपर गेल्यावर खेळ सुटला. शिकवणं तिने स्वतःहून धरलं. फी नव्हती. भावाच्या घरी राहायची, आणि मुलींचे चणे रोज तिची वहिनी चंद्रभागा उकडून द्यायची.

आकड्यांची पद्धत तिने दोन वर्षांपूर्वी एका उन्हाळी शिबिरातून आणली होती. तिथं एका तरुण डॉक्टरने प्रशिक्षकांना सांगितलं होतं, की खेळाडूला सरावानंतर अर्ध्या तासाने विचारा, आजचा सराव एकूण किती जड गेला. लगेच विचारू नका, कारण शेवटची धाव जड गेली की सगळा सराव जड वाटतो. शून्य म्हणजे नुसतं बसल्यासारखं, दहा म्हणजे याच्यापुढे पाऊल उचलणार नाही. तो आकडा घ्या आणि सरावाच्या मिनिटांनी गुणा. नव्वद मिनिटं आणि सहा, म्हणजे पाचशे चाळीस. हा त्या दिवसाचा भार. आठवड्याची बेरीज करा, आणि ती एकदम उडी मारून वाढू देऊ नका. एक दिवस जड असेल तर दुसरा हलका ठेवा. बाकीच्या प्रशिक्षकांनी चहा पीत ते ऐकून घेतलं आणि विसरून गेले. सगळ्या मुलींनी सारख्याच फेऱ्या मारल्या तर भार सारखाच झाला की, असं कोणीतरी म्हणालंही. तुळसाने मात्र दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही विकत घेतली.

सुरुवातीला त्या वहीने फार गंमत केली होती. पहिल्या आठवड्यात नौपाड्यातल्या सगळ्या मुलींनी दहा सांगितले. जन्मापासून दहापैकी दहाच मिळवायचे असं शिकलेल्या मुली त्या. त्यांना वाटलं हे मार्क आहेत. पुढच्या आठवड्यात एकीने पाच सांगितले, तर तिचे वडील, बँकेतले अधिकारी, ब्रीफकेस घेऊन मैदानावर आले आणि आमच्या मुलीला पाचच का, ती कुठं कमी पडते, असं विचारू लागले. तुळसाने त्यांना शांतपणे सांगितलं, की हे मी दिलेले नाहीत, तिने दिलेत, आणि पाच चांगले. त्यांची खात्री पटली नाही. उलट कोळीवाड्यातल्या मुली पहिल्यांदा दोन आणि तीनच सांगायच्या. पहाटे उठून पाणी भरून, मासळीचा बर्फ फोडून शाळेत आलेल्या मुलींना मैदानावर पळणं म्हणजे काम वाटतच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी खरा आकडा यायला तुळसाला तीन महिने लागले होते.

सुहासिनीने हेमाला खेळू दिलं. घरी जाताना हेमाने आपणहून तिचा हात धरला होता, आणि तेराव्या वर्षी मुलं आपणहून हात धरत नाहीत.

पुढचे पंधरा दिवस हेमा घरी आल्याबरोबर आईला आकडा सांगायची. पाच. सहा. पाच. चार. सुहासिनी तो कॅलेंडरवर तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिपून ठेवायची, आणि कधी तिची नाडी बघायची, कधी तिला पंख्याखाली पडायला लावायची. मग एका गुरुवारी हेमा आली, चपला काढता काढता म्हणाली, “आई, आज आठ. जाम मजा आली. दुहेरी साखळीत नागमोडी पळत मी साडेतीन मिनिटं कोणाला सापडले नाही.”

सुहासिनीला साडेतीन मिनिटं ऐकूच आली नाहीत. तिने हेमाला आडवं केलं, घड्याळ लावून नाडी मोजली, पाच मिनिटांनी परत मोजली. शुक्रवारी शाळा बुडवून कार्डिओग्राम काढला. तो चांगला होता. तरी तिने मुलीला पुढचा आख्खा आठवडा मैदानावर जाऊ दिलं नाही. श्रीपाद म्हणाला, की अगं ती दमली आणि तिने सांगितलं, म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं की. सुहासिनी त्याला म्हणाली, तुला काय, तू सकाळी डोंबिवलीला फॅक्टरीत जातोस तो रात्री येतोस. या उत्तराचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता हे तिलाही कळत होतं.

त्या आठवड्यातच तिला ती कल्पना सुचली. सुहासिनी संख्याशास्त्राची पदवीधर होती. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात लसीकरणाचे तक्ते करायची. तुळसाची वही तिने एकदा हातात घेऊन पाहिली होती. अक्षर वाकडंतिकडं, गुणाकार समासात पेन्सिलीने, आणि चारातला एक चुकलेला. सुहासिनी मैदानावर गेली आणि म्हणाली, तुमचं काम मोठं आहे, पण हिशेब माझ्यावर सोपवा. मी ऑफिसातून सुटून इथं येते, मुली मला आकडे सांगतील, गुणाकार, बेरजा, सगळं मी करीन. तक्ते काढीन. तुम्ही फक्त खेळाकडे बघा.

तुळसाने वहीच्या पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. मग तिने वही पुढे केली. सुहासिनीचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि चुकलेल्या गुणाकारांची तुळसाला मनातून लाज वाटायची.

अशी सुहासिनी त्या पत्र्याच्या डब्यावर बसू लागली. मुली रांगेने तिच्यासमोर येत आणि आकडा सांगत. कानात सांगायची चाल दोन दिवसांत मोडली. परचुरे काकूंच्या कानाशी लागायचं कोणाला सुचणार? मुली उभ्या उभ्या बोलत, सुहासिनी लिही. कोणी कचरली तर ती प्रेमाने म्हणे, अगं, खरं ते सांग, इथं परीक्षा नाही. आणि मुली सांगतही. जनी तर रोज वेगळा आकडा सांगायची आणि वर कारणही द्यायची. आज सात, कारण पहाटे आजीबरोबर बंदरावर गेलेले. आज तीन, कारण तुळसाताईने मला नुसतं बसवून ठेवलेलं.

हेमा सांगायची, चार.

सोमवारी चार, मंगळवारी चार. ज्या दिवशी तुळसाने सगळ्यांना खांबाभोवती घुमवून घुमवून रडकुंडीला आणलं आणि बाकीच्या आठ-नऊवर गेल्या, त्या दिवशीही चार. सुहासिनीला त्या चाराचा केवढा आधार वाटे. ऑफिसातून सुटल्यापासून डोक्यात जे नको नको ते येत असे, ते हेमाने ‘चार’ म्हटलं की थांबायचं. घरी जाताना ती मुलीला उसाचा रस पाजी. पोरीचा दम वाढतोय, असं तिने श्रीपादला सांगितलं. त्यानेही ते मान्य केलं.

डिसेंबरात विठ्ठलवाडीला एका मंडळाच्या स्पर्धेत संघ खेळायला गेला. हेमा दुसऱ्या डावात पळायला उतरली आणि बराच वेळ सापडली नाही. बाहेर आल्यावर ती मंडपाच्या कनातीमागे गेली. जनी तिच्या मागोमाग पाण्याची बाटली घेऊन गेली. दोघी परत आल्या तेव्हा हेमाचा चेहरा धुतलेला होता. अर्ध्या तासाने सुहासिनीने वही उघडली. जनी म्हणाली नऊ. हेमा म्हणाली चार. जनीने मान वळवून हेमाकडे पाहिलं, मग सुहासिनीकडे पाहिलं, आणि ती चणे खायला लागली.

जिल्हा स्पर्धा जानेवारीच्या अखेरीस कल्याणला व्हायची होती. त्यासाठी बाराजणींची निवड करायची होती, आणि त्या निमित्ताने सुहासिनीने एक आलेख केला. दोन रविवार खर्च करून, आलेखाच्या मोठ्या कागदावर, प्रत्येक मुलीला एक रंग देऊन तिने सहा आठवड्यांच्या रेघा काढल्या. ऑफिसातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा तो देखणा झाला होता. तिने तो तुळसाच्या हातात दिला आणि थोडी बाजूला उभी राहिली, जशी माणसं आपला स्वयंपाक कोणी चाखत असताना उभी राहतात.

तुळसाने कागद लांब धरला, जवळ घेतला. रेघा वर चढत होत्या, खाली उतरत होत्या, एकमेकींना छेदत होत्या. तिने एका रेघेवर बोट ठेवलं आणि ते सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. ती रेघ पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ होती.

“ही निळी कोणाची?”

“हेमाची,” सुहासिनी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं.

तुळसाने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चांगला झालाय म्हणाली. दोन दिवसांनी तिने बाराजणींची नावं वाचून दाखवली. त्यांत हेमाचं नाव नव्हतं.

हेमा रडली नाही. पिशवी उचलून ती एकटीच घरी निघून आली. सुहासिनीला बातमी घरी आल्यावर कळली, आणि पहिल्या क्षणी तिला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. झालं, आता कल्याण नाही, सलग तीन दिवसांचे सामने नाहीत. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडलेसुद्धा. मग ती आतल्या खोलीत गेली. हेमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुहासिनीने पाठीवर हात ठेवला तशी तिची पाठ दगडासारखी झाली. तीन दिवस ती आईशी लागेल तेवढंच बोलली: डबा दे, सही हवीय, उशीर होईल.

चौथ्या दिवशी सुहासिनीची सुटका संपली आणि तिला राग आला. सहा आठवडे आपण या बाईसाठी राबलो. सगळ्यांत कमी दमणारी मुलगी आपली, हे कागदावर दिसतंय. आणि तीच वगळायची? ती शाळा सुटायच्या वेळी तुळसाच्या शाळेत गेली. तुळसा वर्गांना कुलपं लावत होती. सुहासिनी तिच्या मागोमाग एका दारावरून दुसऱ्या दारावर जात बोलत राहिली. तुळसाने शेवटचं कुलूप लावलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला आणि पायरीवर बसली. सुहासिनीलाही बसावं लागलं.

“तुमची पोर चांगली पळते,” तुळसा म्हणाली. “बारांतल्या पाचजणींपेक्षा चांगली. पण मी तिला खेळवू कशी? ती किती दमते ते मला ठाऊकच नाय.”

“सगळं वहीत आहे, तुळसाताई. रोजचा आकडा मी स्वतः लिहिलाय.”

“तुम्ही लिवलाय, म्हणूनच सांगते.”

सुहासिनीला लगेच उलगडा झाला नाही. तुळसाने पिशवीतून तो कागद काढला आणि पायरीवर पसरला. या रेघा बघा, ती म्हणाली. जनीची मासळीबाजाराच्या दिवशी वर जाते. हिची परीक्षेच्या आठवड्यात वर गेली, सराव हलका होता तरी. ही आजारातून उठली तेव्हा सगळे आकडे मोठे, मग हळूहळू उतरले. माणूस असा असतो. हेमाची रेघ माणसाची नाही. विठ्ठलवाडीला ती कनातीमागे ओकली, ते जनीने मला त्याच दिवशी सांगितलं. आणि तुमच्या वहीत चार.

ओकली हा एक शब्द सुहासिनीच्या डोक्यात फिरू लागला. आधी डॉक्टर, मग कार्डिओग्राम, मग खेळ बंद, असं सगळं तिच्या मनात भराभर रांगेत लागायला लागलं. तुळसा तिच्याकडे बघत होती.

“आता हेच,” तुळसा म्हणाली. “हे जे तुमच्या तोंडावर दिसतंय ना, तेच ती रोज बघते. मग चार म्हणते.”

मग तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली. भागीरथी तिचं नाव. खाडीवरून मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन आठ-दहा बाया बाजारात जायच्या, आणि सगळ्यांत पुढे भागीरथी असायची. वाटेत एक चौथरा होता. तिथं पाट्या उतरवायच्या, आणि भागीरथी प्रत्येकीला विचारायची, आज कशी लागली गो? वजन सगळ्यांचं सारखंच, काट्यावर भरलेलं. पण कोणी रात्रभर पोराला घेऊन जागलेली, कोणाचे पाळीचे दिवस, कोणाला घरी मार पडलेला. जी जड म्हणेल तिच्या पाटीतले दोन वाटे बाकीच्या वाटून घ्यायच्या. शिबिरात तो डॉक्टर आकडे समजावत होता तेव्हा तुळसाला वाटलं, हे तर आय रोज करायची.

“पण आमची चंद्रावहिनी,” तुळसा म्हणाली, “नवीन लग्न झालेलं. ती एकदा म्हणाली जड, तर आयने तिला पंधरा दिवस बाजाराला नेलंच नाय. आय तापट नव्हती, ताई. उलट जीव होता सुनेवर. पण घरी बसणं म्हणजे काय, तर दिवसभर चुलीपुढं एकटी. त्यानंतर वहिनी रोज म्हणायची, हलकी लागली. तिसरा महिना लागलेला, तरी हलकी. मी आठ वर्षांची होते, त्यांच्याबरोबर चालायची. त्या चौथऱ्यापाशीच तिला रक्त जायला लागलं.”

शाळेच्या अंगणात कोणी नव्हतं. तुळसाने कागदाची परत घडी घातली.

“पुढं तिला मूल झालं नाय. आय तिला एक शब्द बोलली नाय, पण त्यानंतर आय कोणालाच विचारीना. शेजारच्या म्हाताऱ्या चाचीला चौथऱ्यावर बसवायची, आणि बाया चाचीच्या कानात सांगायच्या. चाची नुसतं बोट दाखवायची, हिच्यातले दोन काढा. कोणी किती सांगितलं ते आयला कळायचं नाय. हे सगळं मला ठाऊक. तरी तुमचं अक्षर बघून मी वही तुम्हाला दिली. चूक माझीपण आहे.”

मुली रोज जे चणे खायच्या ते चंद्रभागा उकडून देते, हे सुहासिनीला आठवलं आणि तिला तुळसाकडे बघवेना. शेवटी तिने विचारलं, की मी काय करू. तिला वाटलं होतं तुळसा काहीतरी मोठं सांगेल. तुळसा म्हणाली, की वही परत द्या, आणि मैदानावर आलात तर पलीकडच्या भिंतीपाशी बसा.

घरी गेल्यावर सुहासिनीने हेमाला एकच गोष्ट विचारली. रागावून नाही, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. “तू रोज चार का सांगायचीस?”

हेमाने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. “पाच म्हटलं की तू माझी नाडी बघायचीस. सहाला पंख्याखाली झोपवायचीस. आठला आठ दिवस घरी. तीन म्हटलं असतं तर तुला खोटं वाटलं असतं.” मग पान उलटून म्हणाली, “चारला तू रस पाजायचीस.”

सुहासिनी स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच डबे पुसत राहिली.

वही परत देण्याआधी तिने एक काम केलं. एका जाड पुठ्ठ्यावर तिने तक्ता आखला. वर आडव्या ओळीत मिनिटं: तीस, पंचेचाळीस, साठ, पंच्याहत्तर, नव्वद, एकशेवीस. डाव्या बाजूला उभे आकडे, एक ते दहा. आणि प्रत्येक घरात तयार गुणाकार. बोट आडवं नेलं, बोट उभं आणलं, की जिथं मिळेल तो भार. गुणाकार करायचाच नाही, म्हणजे चुकायचाही नाही, आणि कोणाची मदतही लागायची नाही. तिने पुठ्ठ्याला प्लॅस्टिक लावलं. तुळसाने तो तक्ता हातात घेऊन दोन-तीन आकडे लावून पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मोकळं हसू आलं. हे आधी नाय का केलं, ती म्हणाली. आधी सुहासिनीला आपली गरज लागावी असं वाटत होतं, हे कसं सांगणार?

जिल्हा स्पर्धेला हेमा गेली नाही. तुळसाने यादी बदलली नाही आणि सुहासिनीने तसं सुचवलंही नाही. संघ दुसऱ्या सामन्यात हरून आला.

मैदानावर मुली पुन्हा तुळसाच्या कानाशी लागू लागल्या. सुहासिनी पलीकडच्या भिंतीपाशी, डेपोच्या कुंपणाला टेकून बसायची. तिथून ओठ हललेले दिसत, ऐकू काही येत नसे. पहिले काही दिवस तिने ओठांवरून ओळखायचा प्रयत्न केला. पाच आणि आठ वेगळे दिसतात का हे तिने घरी आरशासमोर म्हणूनही पाहिलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून आरशापुढून सरली. एकदा हेमाने कानात काहीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तुळसाने तिला वीस मिनिटांनी बाहेर काढून चण्यांचा डबा सांभाळायला बसवलं. म्हणजे आदल्या दिवशीचा आकडा मोठा असणार. सुहासिनी उठून उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जे करायला हवं ते पलीकडे आधीच झालेलं आहे. ती परत बसली. दमली की थांबली पाहिजे, आणि मुलगी थांबली होती. तिच्याशिवाय.

बसणं सोपं नव्हतं. ज्या संध्याकाळी ते जमणार नाही असं तिला वाटे, त्या संध्याकाळी ती मैदानावर जातच नसे. ऑफिसातून थेट घरी येऊन भाजी निवडत बसे आणि जिन्यावरच्या पावलांकडे कान लावी. कॅलेंडरच्या कोपऱ्यांत आता काही लिहिलेलं नसे. फक्त इंजेक्शनच्या तारखेवर गोल.

फेब्रुवारीच्या शेवटी डोंबिवलीत एक स्पर्धा होती. तुळसाने बाराजणींत हेमाचं नाव वाचलं, आणि सुहासिनीला निरोप पाठवला की पहिला सामना पूर्ण खेळवीन, दुसऱ्यात अर्धा डाव, तिसऱ्याचं तेव्हा बघू. सुहासिनीने तो निरोप दोनदा वाचला. स्पर्धेच्या दिवशी तिने ऑफिसला सुट्टी घेतली नाही. लसीकरणाचा एकच तक्ता तिने तीनदा केला आणि तिन्हीदा बेरीज वेगळी आली.

दिवेलागणीला हेमा आली. ओढणीला माती, कोपर खरचटलेलं, आवाज बसलेला. संघ जिंकला होता की नाही ते तिने सांगितलं नाही. दारातच खाली बसली, बुटांच्या नाड्या सोडायला लागली. सुहासिनीने पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि जिभेवर आलेला प्रश्न गिळून विचारलं, की पोळी खाणार का भात.

“भात,” हेमा म्हणाली. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ सुटेना, म्हणून ती खाली वाकून ओढत राहिली, आणि तशीच वाकलेली असताना म्हणाली, “आज नऊ, आई.”

सुहासिनी तांब्याजवळच उभी राहिली. तिचा हात हेमाच्या मनगटाकडे जायला निघाला होता. तो तिने खाली घेतला आणि बुटाच्या गाठीला लावला. गाठ ओली होती, नखांनी सोडवावी लागली. हेमाने पाय तिच्यापुढे तसाच धरून ठेवला होता, लहान असताना धरायची तसा.

“तुळसाताईंना सांगितलंस?”

“सांगितलं ना. म्हणाल्या, उद्या येऊ नकोस, परवा ये.”

“बरं,” सुहासिनी म्हणाली. तिने कुकर चढवला, आंघोळीला पाणी तापत ठेवलं. ते तापेपर्यंत हेमा दारातच भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून झोपून गेली होती. सुहासिनी तिच्यासमोर बसून राहिली. श्वास वर जात होता, खाली येत होता. तो तिने मोजला नाही.

परवा संध्याकाळी साडेचारला तिने स्वतःच हेमाचे बूट काढून दारापाशी ठेवले.